इंग्लंडमधली जुनी बाजाराची गावं बघायची तर बाजाराच्या दिवशीच बघा

पाणंद | ३ जून, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

मे महिन्यात आई-बाबा आले होते इकडे, पाच आठवडे. आम्ही ऑक्सफर्डजवळ राहतो त्यामुळे कॉट्सवोल्ड्स, म्हणजे टेकड्यांवरच्या जुन्या गावांचा तो पट्टा, अगदी हाकेच्या अंतरावर, नऊ वर्षांत कुणीही पाहुणा आला की त्याला तिकडे फिरवून आणणं हे ठरलेलंच. पिवळ्या दगडाची घरं, ओढा, बदकं, चहा-स्कोन, फोटो, परत. तसंच आई-बाबांनाही पहिल्या रविवारी चिपिंग कॅम्पडेनला नेलं. आईला आवडलं. बाबा शांतपणे सगळं बघत होते आणि तासाभराने म्हणाले, "छान आहे गं सगळं, पण इथली माणसं काय करत होती? पोट कशावर भरत होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं मी त्या गावात जातेय आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

बाबांनी ३१ वर्षं बाजार समितीत तोलाईचं काम बघितलंय, त्यामुळे त्यांची नजर वेगळी आहे. गावाच्या मधोमध मार्केट हॉल आहे, १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या लंडनच्या धनाढ्य कापडव्यापाऱ्याने बांधून दिलेला. वर छप्पर, चारी बाजूंनी दगडी कमानी, भिंत कुठेच नाही. मी दरवेळी तिथे उभं राहून फोटो काढते. बाबा आत गेले, खाली बसले आणि फरशीवरून हात फिरवायला लागले. ती फरशी इतकी झिजलीय की पाय सरळ पडत नाही, मधे खळगे, कडेला उंचवटे. मला म्हणाले, "लोणी आणि चीज उन्हात ठेवता येत नाही, कोंबड्या कोंदट जागेत ठेवता येत नाहीत. म्हणून वरून सावली आणि चारी बाजूंनी वारा. ज्याने बांधलं त्याला बाजार कळत होता." नंतर पाटी वाचली तर खरंच, लोणी, चीज आणि कोंबड्या-बदकं विकणाऱ्यांसाठीच बांधलेला हॉल! १९४० च्या दशकात हा हॉल एका अमेरिकन माणसाला विकला जायच्या बेतात होता, तेव्हा गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तो विकत घेतला आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिला. हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं.

आणि 'चिपिंग' म्हणजेच बाजार! जुन्या इंग्लिशमधला शब्द आहे. चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी, सगळी बाजाराची गावं. आपल्याकडे गावाच्या नावाला कसबा किंवा पेठ लागतं तसंच.

मग आम्ही ठरवलं की पुढचं प्रत्येक गाव बाजाराच्या दिवशी बघायचं. मंगळवारी मोरटन-इन-मार्श. हमरस्त्याच्या कडेने स्टॉल लागतात. हे काही पर्यटकांसाठी मांडलेलं नाही बरं का, उशा, मोबाइलची कव्हरं, कुत्र्यांचे पट्टे, ताजी मासळी, रोपं, चीजचा गाडा, स्वस्तातल्या जाकिटी असा सगळा कारभार. म्हाताऱ्या बायका चाकाच्या पिशव्या ओढत येतात आणि भाजीवाल्याशी पंधरा मिनिटं बोलत उभ्या राहतात. बाबा तिथे जे रमले! एका चीजवाल्याचा काटा बघून त्याच्याशी खाणाखुणांनी बोलत बसले, त्याने तीन तुकडे चाखायला दिले.

आणि स्टो-ऑन-द-वोल्ड. तिथे चौकाला येऊन मिळणाऱ्या अगदी अरुंद गल्ल्या आहेत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागतं. त्यांना तिथे ट्यूर म्हणतात. मला वाटायचं जुनं गाव म्हणून असतील अरुंद. बाबा एका गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि म्हणाले, "ही मेंढरं मोजायची वाट आहे." आणि तसंच निघालं की! मेंढ्या एकेक करून आत यायला लागाव्यात म्हणजे मोजता येतात. स्टोच्या एका जत्रेत २० हजार मेंढ्या विकल्या गेल्याचं 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डिफो लिहून गेलाय. तिथल्या बाजाराची सनद पहिल्या हेन्री राजाने ११०७ मध्ये दिली, तेव्हा बाजार गुरुवारी भरायचा.

तर मंडळी, धागा यासाठी की तुम्ही इंग्लंडमधली अशी कोणती बाजाराची गावं, खेडी बघितलीत, कोणत्या वारी जावं, तिथे काय बघावं जे सहसा नजरेतून सुटतं, ते लिहा. नुसतं 'सुंदर आहे' नको, ते गाव का आणि कसं उभं राहिलं तेही माहीत असेल तर लिहाच.

ओवी | ३ जून, रात्री ११.०२

किती सुंदर लिहिलंय. मेंढरं मोजायची वाट वाचून अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा.

सातबारा | ४ जून, सकाळी ७.३५

उत्तम धागा. बाजाराबद्दल थोडी भर घालतो, हा माझा आवडीचा विषय आहे.

मध्ययुगात इथे कुणीही उठून बाजार भरवू शकत नव्हता, राजाकडून सनद लागायची. ती सनद मिळवायचा गावचा जहागीरदार किंवा मठ, कारण बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून जागेचं भाडं आणि मालावर जकात त्यालाच मिळायची. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात एक नियम आहे, की जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत (नेमकं सांगायचं तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल) नवा बाजार भरवला तर तो जुन्याला उपद्रव समजावा. हा आकडा कुठून आला तर माणूस दिवसात २० मैल चालतो असं धरलं, त्याचे तीन भाग केले, एक भाग जायला, एक खरेदी-विक्रीला आणि एक अंधार पडायच्या आत घरी परतायला. नकाशा काढून बघा, इंग्लंडच्या बऱ्याच भागात बाजाराची गावं एकमेकांपासून याच हिशोबात दिसतात. म्हणजे ही गावं माणसाच्या पायांनी आखलेली आहेत.

अजून एक. जत्रेत आणि बाजारात तंटा झाला तर तिथल्या तिथे निकाल द्यायला वेगळं कोर्ट असायचं, पायपावडर कोर्ट. फ्रेंचमधल्या 'धुळीने माखलेले पाय' या शब्दावरून नाव आलंय. फिरता व्यापारी, आज इथे तर उद्या तिथे, तो महिनाभर तारखेची वाट कशी बघणार, म्हणून धुळीच्या पायांनी उभं राहायचं आणि बाजार उठायच्या आत निकाल घेऊन जायचं.

पाणंद | ४ जून, दुपारी १.१५

सातबारा, हे सगळं आजच बाबांना फोनवर वाचून दाखवणार आहे. धुळीच्या पायांचं कोर्ट, काय शब्द आहे!

कोकणकडा | ४ जून, संध्याकाळी ६.५०

पोट कशावर भरत होतं याचं उत्तर एका शब्दात, लोकर.

चिपिंग कॅम्पडेनच्या चर्चमध्ये गेला होतात का? आतल्या जमिनीवर विल्यम ग्रेव्हल याचं पितळी पत्र्यात कोरलेलं चित्र आहे, १४०१ चं, त्यावर लॅटिनमध्ये त्याला 'साऱ्या इंग्लंडमधल्या लोकरव्यापाऱ्यांतलं फूल' म्हटलंय. त्याचं घर आजही हाय स्ट्रीटवर उभं आहे. पण यापेक्षा नॉर्थलीचचं चर्च बघा. तिथले जे लोकरव्यापारी आहेत ना, त्यांच्या पितळी चित्रांमध्ये सरदारांच्या पायाशी सिंह किंवा कुत्रा असतो तसं काही नाही, त्यांनी पाय ठेवलेत मेंढीवर आणि लोकरीच्या गाठोड्यावर. आपण कशामुळे मोठे झालो हे लपवलेलं नाही त्या माणसांनी, मला ते फार आवडलं. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाचा अध्यक्ष अजूनही लोकर भरलेल्या बैठकीवर बसतो ते याचमुळे, देशाचा पैसाच त्यात होता.

ही चर्चेस दिवसा उघडी असतात, फुकट असतात आणि बहुतेक लोक बाहेरून फोटो काढून निघून जातात. आत जा आणि खाली बघत चाला.

बायबरीबद्दल मात्र माझं मत सांगतो, पटलं नाही तरी चालेल. अर्लिंग्टन रो ची ती घरांची ओळ सगळ्यांनी फोटोत बघितलीय. १३८० च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधली आणि सतराव्या शतकात विणकरांसाठी घरं केली. समोरची ओली जमीन, तिला रॅक आयल म्हणतात, तिथे धुतलेलं कापड लाकडी चौकटींवर ताणून वाळवायचे. हे सगळं इतकं मोलाचं आहे आणि तिथे उन्हाळ्यात दुपारी पाय ठेवायला जागा नसते, कोचवर कोच येतात, वीस मिनिटं फोटो आणि पुढे. त्या घरांमध्ये माणसं राहतात हो! मी स्वतः लोकांना खिडकीला नाक लावून आत बघताना पाहिलंय. जायचं तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये सकाळी लवकर जावं, नाहीतर जाऊ नये.

निवांत_नदी | ४ जून, रात्री ९.२०

कोकणकडा, तुमचा मुद्दा समजतो पण ज्याला आयुष्यात एकदाच इंग्लंडला यायला मिळतं, तेही जूनमध्ये, मुलाच्या सुट्टीप्रमाणे, त्याने काय करायचं? माझ्या सासूबाईंनी त्या घरांचं चित्र कॅलेंडरवर बघितलेलं, वीस वर्षं ते स्वयंपाकघरात होतं आमच्या. त्यांना तिथे उभं राहायचं होतं. आम्ही उभं केलं, दहा मिनिटं त्या काही न बोलता ओढ्याकडे बघत होत्या. गर्दी होती हे खरं आहे पण त्यांचा तो दिवस गर्दीने खराब झाला नाही.

कोकणकडा | ४ जून, रात्री ९.४५

हे वाचून माझे शब्द मागे घेतो, 'जाऊ नये' असं म्हणायला नको होतं. सकाळी आठच्या आत पोचा एवढंच म्हणतो. आणि ड्रोन उडवू नका, लहान मुलांना त्या घरांच्या अंगणात शिरू देऊ नका.

भीमथडी | ५ जून, सकाळी ८.१०

सगळे कॉट्सवोल्ड्समध्येच अडकलेत म्हणून लिहितोय. मी श्रॉपशरमध्ये राहतो, सहा वर्षं झाली. लडलोला या.

टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या दारातच चौक आणि चौकात बाजार, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. गावात पाचशेच्या आसपास इमारती संरक्षित यादीत आहेत, फेदर्स नावाचं लाकूडकामाचं हॉटेल १६१९ चं, त्याच्या दर्शनी भागावर नक्षी नाही असा हातभर लाकडाचा तुकडा सापडणार नाही. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर याच किल्ल्यात १५०२ मध्ये वारला, तो जगला असता तर हेन्री राजाच झाला नसता. आणि एवढं सगळं असून गाव आपलं काम करत असतं, खाटीक आहे, बेकरी आहे, खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे.

पण पाणंद, तुमच्या बाबांसाठी खास सांगतो. सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गायकांच्या जागेवर घडीच्या लाकडी बैठका आहेत. तासन्‌तास उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्यांना जरा टेकता यावं म्हणून बैठक वर उचलली की खाली छोटा टेकू असतो आणि त्या टेकूखाली कोरीवकाम. त्यातल्या एकावर दारू विकणारी बाई आहे. तिने ग्राहकांना खोट्या मापाने दारू घातली म्हणून सैतान तिला खांद्यावर टाकून नरकाकडे नेतोय, आणि तिच्या हातात ते खोटं माप अजून आहे. पंधराव्या शतकातलं काम. मापात पाप केलं की काय होतं ते देवाच्या घरात कोरून ठेवलंय.

तिथून लेडबरीही फार लांब नाही, तिथलं मार्केट हाउस १६ लाकडी खांबांवर उभं आहे, १६१७ मध्ये बांधायला घेतलेलं. खाली बाजार आणि वर धान्याचं कोठार.

पाणंद | ५ जून, सकाळी ८.३२

भीमथडी!! ही बाई बघायला बाबांना परत बोलवावं लागणार. त्यांनी आख्खी नोकरी याच एका गोष्टीसाठी भांडण्यात घालवली, काट्याला हात लावू द्यायचा नाही म्हणून.

मोडीवाचक | ५ जून, रात्री १०.४०

मोरटनच्या बाजाराला जाणाऱ्यांसाठी. तिथून दोन-अडीच मैलांवर सेझिनकोट नावाचं घर आहे. पायवाटेने चालत जाता येतं, मेंढ्यांच्या कुरणातून. झाडी संपते आणि समोर हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट दिसतो, खाली छज्जे, कोपऱ्यात छत्र्या. आपल्याकडचा एखादा मोगली महाल ग्लॉस्टरशरच्या टेकडीवर! ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास बांधून घेतला, वास्तुकार त्याचाच भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल. बागेत सूर्याचं छोटं देऊळ आहे, पुलाच्या कठड्यावर नंदी बसवलेत. या बागेच्या रचनेत टॉमस डॅनियल या चित्रकाराचा हात होता.

आता आपल्याशी संबंध कुठे येतो बघा. याच डॅनियलने पेशवे दरबाराचं ते मोठं तैलचित्र पूर्ण केलंय, टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचं, ज्यात सवाई माधवराव आणि इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट आहेत. मूळ रेखाटनं जेम्स वेल्सची, तोच वेल्स ज्याच्या हाताखाली पुण्यात गंगाराम तांबट काम करत होता. वेल्स १७९५ मध्ये वारला, त्याच्या मुलीशी मॅलेटने लग्न केलं, आणि चित्र डॅनियलने इकडे १८०५ मध्ये पूर्ण केलं. म्हणजे साधारण एकाच काळात त्या माणसाच्या डोक्यात शनिवारवाड्यातला दरबारही होता आणि सेझिनकोटची बागही. मी त्या पुलावर नंदीशेजारी उभा होतो तेव्हा हे आठवलं आणि तिथून हलवेना.

तसंच डेल्सफर्ड, स्टोपासून पुढे. वॉरन हेस्टिंग्जच्या पूर्वजांची जमीन, हातातून गेलेली, ती त्याने हिंदुस्थानातून परत आल्यावर १७८८ मध्ये परत विकत घेतली आणि याच सॅम्युअल कॉकरेलकडून घर बांधून घेतलं. त्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटमध्ये खटला सुरू झाला तो १७९५ पर्यंत चालला, शेवटी सुटला. सालबाईचा तह १७८२ चा, महादजींच्या मध्यस्थीने झालेला, तो याच हेस्टिंग्जच्या काळातला. त्याला गावच्या छोट्या चर्चजवळच पुरलंय. घर खाजगी आहे, चर्चपर्यंत जाता येतं.

या पिवळ्या गावांकडे बघताना मला नेहमी वाटतं की आधीचा पैसा मेंढीच्या पाठीवरून आला आणि नंतरचा बराचसा आपल्याकडून. दोन्ही बघावं. कुणावर राग काढायला म्हणून नाही, पण माहीत असावं.

(सेझिनकोट ठरावीक दिवशीच उघडं असतं, निघण्याआधी बघून घ्या.)

ओवी | ६ जून, सकाळी ६.५५

मोडीवाचक, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

आपल्याकडून आलेल्या पैशावरून एक वेगळी आठवण. आम्ही रेडिंगला राहायचो तेव्हा स्टोक रो नावाच्या खेड्यात गेलो होतो. तिथे बनारसच्या महाराजांनी दिलेली विहीर आहे, १८६४ ची, ३६८ फूट खोल आणि सगळी हाताने खणलेली! वर घुमट आणि पाणी ओढायच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. तिथल्या टेकड्यांवर पाणी नव्हतं. त्या भागातले एक इंग्रज अधिकारी एडवर्ड रीड यांनी भारतात असताना विहीर खणायला मदत केली होती, त्यांनी आपल्या गावाकडच्या तहानेच्या गोष्टी महाराजांना सांगितलेल्या, घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून मार खाल्लेल्या मुलाची वगैरे. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. खेड्यातल्या लोकांना पाणी फुकट असायचं. माझी आजी दुष्काळी भागातली, हंडाभर पाण्याला दीड कोस जाणारी. ती असती तर तिला दाखवली असती ही विहीर.

निवांत_नदी | ६ जून, दुपारी १२.३०

सफकमध्ये लॅव्हनम कुणीच लिहिलं नाही. तीनशेहून जास्त जुन्या इमारती, लाकडी सांगाड्याची घरं, कुठली डावीकडे झुकलेली कुठली उजवीकडे, कारण ओक ओला असतानाच वापरायचे आणि मग तो वाळताना वळायचा. निळ्या कापडासाठी प्रसिद्ध होतं, १५२४ च्या करवसुलीत साऱ्या इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं हे गाव! चर्चचा मनोरा १४१ फूट, त्याला गावातल्या कापडवाल्या स्प्रिंग घराण्याने पैसा दिला.

आणि मग कोलचेस्टरला डच निर्वासित विणकर आले, त्यांनी हलकं आणि स्वस्त कापड काढलं, लॅव्हनमचं जाड कापड कुणी घेईना. गाव बसलं. एका इमारतीत हे सगळं दिसतं, चौकातला गिल्डहॉल, १५३० च्या आसपासचा. आधी श्रीमंतांच्या मंडळाची जागा, मग कैदखाना, मग गरिबांना कामाला लावायचं वर्कहाउस. लोकांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसेच नव्हते म्हणून ती घरं तशीच राहिली. आपण ज्याला सुंदर म्हणून बघायला जातो ते गरिबीने जपलेलं आहे. मला हे कळल्यापासून तिथे चालताना पाऊल जरा हळू पडतं.

जवळच कर्सी, तिथे रस्त्यावरूनच ओढा वाहतो, गाड्या पाण्यातून जातात. मुलांना घेऊन जा.

कोकणकडा | ६ जून, दुपारी १.०५

हेच कॉट्सवोल्ड्सलाही लागू आहे. कापडाचं काम यॉर्कशरच्या गिरण्यांकडे गेलं आणि ही गावं होती तशी थांबली.

मनीप्लँट | ६ जून, रात्री ८.१५

डर्बीशरमधलं ईम. स्पेलिंग काहीही असलं तरी उच्चार ईम. हे गाव फोटोसाठी नाही, वेळ काढून जा.

१६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, त्यात पिसवा, आणि प्लेग सुरू झाला. पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन या तरुण पाद्र्याने आणि त्याच्या आधीच्या पाद्र्याने, टॉमस स्टॅन्लीने, गावाला तयार केलं की कुणी बाहेर जायचं नाही, म्हणजे आजूबाजूच्या गावांना लागण होणार नाही. शिवेवर एक दगड आहे, त्याला खळगे. त्या खळग्यांत व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. खळग्यांच्या कडा आता गुळगुळीत झाल्यात. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलांना एकटीने पुरलं, ती थडगी गावाबाहेर माळावर आहेत, गोल दगडी कुंपणात. पाद्र्याची बायको कॅथरीनही गेली.

आमच्या घरात १८९७ च्या पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी पणजीकडून आलेल्या, गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या. त्या माळावर मी बराच वेळ उभी होते.

जाताना सोमवार धरा, बेकवेलचा बाजार सोमवारी असतो, तिथे जनावरांचा बाजारही भरतो, लिलाव बघता येतो. पाणंद, तुमच्या बाबांना न्याच.

शेवंता | ७ जून, सकाळी ११.२०

मी नेहमी फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही दोघं कोल्हापूरहून सप्टेंबरमध्ये मुलाकडे येणार, तो लंडनला आहे. मुलाला सुट्टी नाही फारशी. आम्ही दोघंच ट्रेनने असं एखादं गाव करू शकू का? वय ६८ आणि ७३, माझे गुडघे दुखतात, आणि आम्ही शाकाहारी, अंडंही नाही.

पाणंद | ७ जून, दुपारी १२.४५

शेवंताकाकू, नक्की करू शकाल! लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोरटन-इन-मार्शला थेट ट्रेन आहे, दीड तासाच्या आसपास. स्टेशनापासून बाजार अगदी पाच मिनिटं, सपाट रस्ता, चढ नाही. मंगळवारी या. साठीच्या वरच्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, बाहेरून आलेल्यांनाही, तिकिटात एक तृतीयांश सूट. मात्र काही गाड्यांना सकाळच्या गर्दीत चालत नाही तेव्हा नऊनंतरची गाडी घ्या. स्टोला जायला ८०१ नंबरची बस आहे, चिपिंग कॅम्पडेनलाही बस मिळते, पण रविवारी बसचा भरवसा धरू नका.

खाण्याचं म्हणाल तर भाजलेला अख्खा बटाटा, त्यात चीज नाहीतर बीन्स, बहुतेक टीरूममध्ये मिळतो. स्कोनला वरून अंडं लावलेलं असतं कधीकधी, विचारा. आणि चीज घेताना शाकाहारी रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) आहे का हे जरूर विचारा, पारंपरिक चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट असतं, आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं. पबमध्ये जेवायचं असेल तर दीडच्या आत बसा, दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं.

सातबारा | ७ जून, दुपारी २.००

छत्री नको, टोपीचा रेनकोट आणा, वाऱ्यात छत्री टिकत नाही. कार्ड सगळीकडे चालतं पण बाजारात आणि सार्वजनिक शौचालयाला थोडी नाणी जवळ असू द्या.

शेवंता | १८ सप्टेंबर, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. पाणंद, मंगळवारी जाऊन आलो!

गाडी वेळेवर होती. बाजारात हे दोन तास फिरले, मी बाकावर बसून बघत होते. एक आजी शेजारी येऊन बसल्या, त्यांचं सगळं बोलणं मला समजलं नाही पण त्यांनी पिशवीतून फ्लॉवर काढून दाखवला आणि किंमत सांगितली, मी आमच्याकडची सांगितली, तेवढ्यावर आमच्या छान गप्पा झाल्या. मग बसने चिपिंग कॅम्पडेन. मार्केट हॉलमध्ये गेलो, तुमच्या बाबांनी हात फिरवला ती फरशी बघितली, मीही चप्पल काढून उभी राहिले तिथे, थंडगार लागली. चर्चमधला तो ग्रेव्हलही सापडला, एका ताईंनी दाखवला.

परत मोरटनला आलो तर बाजार उठत होता, प्लमवाल्याने हाक मारून अख्खी टोपली एका पाउंडात दिली. ट्रेनमध्ये खात आलो, उरलेल्याचा मुरंबा केलाय.

ह्यांनी मुलाला लडलोचं तिकीट बघायला सांगितलंय, ती खोट्या मापाची बाई बघायची आहे म्हणे. तिथे बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवारच ना?

भीमथडी | १८ सप्टेंबर, रात्री १०.१२

हो काकू, तेच वार. शनिवारी गर्दी असते, शुक्रवारी या. स्टेशनापासून चौकापर्यंत चढ आहे, गुडघ्यांना त्रास होईल, मी गाडी घेऊन स्टेशनला येतो.